इंजिन खोलायच्या आधी अर्थिंग बघा

संपादक साहेब, नमस्कार,

पावसाळा तोंडावर आलाय म्हणून जुनी गाडी वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट मनापासून लिहितोय, अर्थिंगची, म्हणजे इंजिनमधून करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणाऱ्या जोडणीची, जमलं तर छापा.

मी परळला राहतो, नोकरी मुलुंडला. गाडी 2006 सालची पेट्रोल, 15 वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून पुढची पाच वर्षं वाढवून घेतलेली. गेल्या पावसाळ्यात तिने नुसता छळ मांडला होता. सकाळी एकदम मस्त चालायची, पण संध्याकाळी परत येताना एसी, वायपर, हेडलाइट सगळं चालू असलं की सिग्नलला गचके द्यायची, आरपीएम खालीवर व्हायचा आणि बंद पडायची, आणि एकदा तर ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवर छेडानगरच्या अलीकडे मधल्या लेनमध्येच बंद पडली, मागच्या सीटवर बायको आणि मुलगी, धो धो पाऊस आणि आरशात डंपरचे लाइट. इंजिन बंद पडलं की पॉवर स्टेअरिंग जड होतं, ब्रेकसुद्धा एक-दोनदा दाबला की बूस्टरचा जोर संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. ते दोन मिनिटं मी अजून विसरलो नाहीये.

गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले, मग फ्युएल फिल्टर, मग थ्रॉटल बॉडी (इंजिनला हवा सोडणारी झडप) साफ केली, मग फ्युएल पंपच नवीन टाकला. पैसे जात राहिले आणि गाडी होती तशीच. शेवटी म्हणाले इंजिन कामाला आलंय, एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात द्या. मी त्यांना दर वेळी सांगत होतो की हेडलाइट लावली की टेंपरेचरचा काटा वर सरकतो आणि बंद केली की खाली येतो, पण कोणी लक्षच दिलं नाही. अहो हेडलाइट लावल्याने रेडिएटरचं पाणी कसं काय गरम होईल!

लालबागच्या एका वयस्कर वायरमन काकांनी मात्र एवढंच ऐकलं आणि बोनेट उघडायला सांगितलं. मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि मला म्हणाले सेल्फ मारा. मीटरवर दीड व्होल्टच्या आसपास आकडा. तो पाव व्होल्टच्या वर जाताच कामा नये. मग त्यांनी जम्पर केबल घेऊन बॅटरीचं मायनस सरळ इंजिनला जोडलं, हेडलाइट, एसी, सगळं चालू केलं, काटा हलला नाही की गाडी बंद पडली नाही. बॅटरीच्या ट्रेखाली इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी असते, तिचा बोल्ट गंजलेला आणि पट्टी हिरवी पडलेली. पॉलिश पेपरने जागा घासून नवीन पट्टी टाकली, वर ग्रीस लावलं. खर्च पाचशेच्या आत, आणि त्यानंतर गाडी एकदाही बंद पडलेली नाही.

काकांनी समजावलं ते असं. इंजिन रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं, म्हणून करंट परत बॅटरीकडे जायला तीच पट्टी लागते. ती खराब झाली की करंट मिळेल त्या वाटेने जातो, काही गाड्यांमध्ये तर ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल गरम होऊन चिकटते, आणि लोक केबल बदलत बसतात. सेन्सर पाच व्होल्टवर चालतात, थ्रॉटल सेन्सरचा आयडलिंगचा आकडा तर जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट, मग अर्थिंगमध्येच अर्ध्या व्होल्टचा घोळ असेल तर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सगळंच चुकीचं कळणार आणि तो पेट्रोलही चुकीचंच सोडणार.

दोष एकीकडे आणि संशय दुसरीकडे, हे जुनंच आहे. माझे वडील काळी-पिवळी पद्मिनी चालवायचे. उन्हाळ्यात टॅक्सी बंद पडली की फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून अर्धा तास थांबायचे, पण पुष्कळदा दोष पंपाचा नसायचाच, प्लगला ठिणगी देणारी कॉइल गरम होऊन दगा द्यायची आणि थंड झाली की पुन्हा चालू व्हायची. तसाच त्रास आजच्या जुन्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळवणारा) देतो, गरम झाला की बंद, वीस मिनिटांनी जसं काही झालंच नाही. फ्युएल पंपाच्या रिलेचं, म्हणजे पंपाला करंट देणाऱ्या स्विचचं, आतलं सोल्डर तडकलं तरी हेच होतं.

आपल्याकडे समुद्राची खारट हवा, हिंदमाताला साचलेलं पाणी, पार्किंगमध्ये वायरी कुरतडणारे उंदीर, वर आपणच म्युझिक सिस्टीम नाहीतर जादा हॉर्न बसवताना वायर सोलून, पिळून नुसता टेप मारून घेतो. गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला की सेन्सर बदलतात, पण कोड त्या सेन्सरच्या पूर्ण सर्किटचा असतो, वायर, कनेक्टर, अर्थिंग सगळं त्यात आलं.

म्हणून गाडीवाल्यांना विनंती आहे, कुठलाही पार्ट बदलायला हो म्हणायच्या आधी मीटर लावायला सांगा. बंद गाडीत बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास, चालू गाडीत 13.8 ते 14.5, आणि सेल्फ मारताना अर्थिंगचा आकडा पाव व्होल्टच्या आत, एवढं तपासायला पंधरा मिनिटंही लागत नाहीत. आणि साहेब, तुमच्या पेपरात जूनच्या आधी यावर एखादा सविस्तर लेख एखाद्या चांगल्या वायरमनकडून लिहून घेता येईल का? फोटो लागले तर माझी ती जुनी हिरवी पट्टी मी जपून ठेवलीये, ऑफिसला आणून देईन.

आपला,
एक वाचक, परळ