‘शॉर्टसर्किट’ म्हणून विषय संपवू नका

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकात घराला आग लागल्याची बातमी आली की शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडला शिल्प निदेशक म्हणून ३१ वर्षं काढली. निवृत्त होऊनही हे वाक्य वाचलं की मागच्या बाकावरच्या कुणाला तरी उभं करून विचारावंसं वाटतं, ‘‘शॉर्टसर्किट म्हणजे काय रे? सांग बघू.’’

फेज आणि न्यूट्रल, म्हणजे वीज आणणारी आणि परत नेणारी तार, एकमेकींना थेट भिडल्या की शॉर्टसर्किट. त्या क्षणी शेकडो अँपिअर धावतात, आणि घरात धड एमसीबी (प्रवाह वाजवीपेक्षा वाढला की आपोआप वीज तोडणारी कळ) असेल तर डोळ्याचं पातं लवायच्या आत ती खाली पडते. मी आजवर जेवढे जळके पॉइंट उघडले, त्यांत असली प्रकरणं थोडी. बाकीच्यांत पिन आणि सॉकेटमधली पत्ती यांची पकड सुटलेली असायची, नाहीतर मागचा स्क्रू ढिला असायचा. यात एमसीबी पडत नाही. का पडत नाही, ते माझ्याच घरात घडलेल्या गोष्टीवरून सांगतो.

गेल्या माघातली सकाळ. गीझर चालू होता. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, ‘‘अहो, शेजारी कुणी सुकट भाजतंय का?’’ आमच्या मजल्यावर चारही घरं शाकाहारी. मी आधी खिडक्या बघितल्या, मग डोक्यात प्रकाश पडला. सॉकेटचं काही प्लॅस्टिक तापलं की त्याला अगदी मासळीसारखा वास सुटतो, हे मी पोरांना वर्षानुवर्षं शिकवत आलो आणि स्वतःच्या घरात विसरलो. बाथरूमबाहेरच्या गीझरच्या पॉइंटला हात लावला तर चटका बसला. मेन बंद करून प्लग ओढला. डावीकडची पिन काळी-निळी पडलेली आणि सॉकेटच्या त्या भोकाभोवती करपलेल्या भाकरीसारखा तपकिरी डाग. एमसीबी मात्र वर, ठणठणीत.

हिशेब सोपा आहे. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर घेतो. पकड सुटून तिथे प्रवाहाला ओहमचा नुसता दहावा भाग एवढा विरोध तयार झाला, तरी साडेसात वॅट उष्णता त्या बोटभर जागेत साठत राहते, रोज, अर्धा-अर्धा तास. पत्ती तापली की तिचा ताण जातो, ताण गेला की ती आणखी ढिली होते आणि आणखी तापते. एमसीबीला यातलं काही कळत नाही, कारण तिच्यातून जाणारा प्रवाह आहे तेवढाच असतो. तिच्या दृष्टीने सगळं आलबेल!

सॉकेट भिंतीतून काढून टेबलावर घेतलं. पुढची प्लेट पांढरीशुभ्र, आयएसआयची खूणसुद्धा दिमाखात उमटवलेली. नातवाचा फ्रिजवरचा चुंबक आतल्या पत्तीला लावला आणि तो चिकटला. संपादक महाशय, पितळेला चुंबक चिकटत नाही. स्प्रिंग किंवा एखादा स्क्रू लोखंडी असणं मी समजू शकतो, पण जिच्यातून सगळा प्रवाह जायचा ती पत्तीच पितळी मुलामा दिलेल्या पत्र्याची, आणि तीही बिस्किटाच्या डब्याच्या झाकणाइतकी पातळ. वायर आवळायच्या स्क्रूला दुसऱ्या फेऱ्यातच आट्या राहिल्या नाहीत. मग ती खूण नीट पाहिली. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक लागतो. इथे खाली काहीच नव्हतं. नुसतं चित्र.

फ्लॅट नवा घेतला तेव्हा माहितीपत्रकात ‘नामांकित कंपनीची मॉड्युलर फिटिंग्ज’ असं छापलेलं होतं. मी बिल्डरच्या ऑफिसात गेलो. ताबा घेऊन सहावं वर्ष लागलं होतं आणि घर घेणाऱ्यांसाठीच्या रेरा कायद्यात बिल्डरवरच्या दोषदुरुस्तीची मुदत आहे ५ वर्षांची. तिथल्या मुलीने हे मला फार गोड आवाजात सांगितलं.

माझा एक जुना विद्यार्थी आता अशाच कामांचे ठेके घेतो. त्याला फोन केला तर म्हणाला, ‘‘सर, कामाचा रेट पॉइंटमागे ठरतो. प्लेट सगळ्यांना दिसते, पत्ती कुणाला दिसते?’’ शिकवलं आम्हीच, पण हे नव्हतं शिकवलं.

नवं सॉकेट आणायला तपकीर गल्लीत, पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, गेलो. एका दुकानात सारख्याच दिसणाऱ्या दोन नगांच्या भावात दुपटीहून जास्त फरक. दोन्ही हातांत एकेक घेऊन पाहिलं, वजनातच कळत होतं. ‘‘उघडून दाखवता का?’’ म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, ‘‘काका, उघडलेला माल मग कोण घेणार?’’ त्याचंही खरं आहे. भाजी निवडून घेता येते, कापड चोळून बघता येतं. ज्या वस्तूवर घर जळायचं की राहायचं ते अवलंबून, तीच तेवढी बंद डबीत घ्यायची. छापील किमतीवर निम्म्याहून जास्त सूट मिळते म्हणताना किमतीवरूनही काही कळायची सोय नाही.

जुनं ते सगळं सोनं, असं माझं म्हणणं नाही. वाईजवळच्या आमच्या घरात १९७४ साली बसवलेला लाकडी बोर्ड आहे. त्यावर काळे बॅकेलाइटचे खटके, आत पितळेच्या जाड नळ्या. प्लग ओढताना दुसऱ्या हाताने बोर्ड धरावा लागे. पण त्याच बोर्डाच्या उघड्या भोकात धाकट्या भावाने आईची केसांची पिन घातली होती आणि तो वाचला हे नशीब. आजच्या सॉकेटच्या भोकांना आतून सरकते पडदे असतात, ते चांगलंच आहे. तक्रार एवढीच, की पडदा आला आणि पडद्यामागची पितळ गेली. त्यात लोड वाढला तो वेगळाच. पूर्वी इस्त्री हीच चैन होती. आता इंडक्शन आहे, एअर फ्रायर आहे, आणि रात्री पार्किंगमध्ये चार-चार तास चार्जिंगला लावलेली स्कूटर आहे.

आणखी एक, जरा विषयांतर करून. मोबाइल चार्जरच्या दोन गोल पिना असतात ४ मिलिमीटरच्या. आपल्या ६ अँपिअरच्या प्लगच्या पिना ५ मिलिमीटरच्या. चार्जर लोंबकळतो तो त्यामुळे, आणि मग आपण त्याला कागदाची घडी लावतो! जगातली कुठलीही पिन बसते म्हणून जे ‘युनिव्हर्सल’ सॉकेट विकलं जातं, ते कुठलीच पिन घट्ट धरत नाही. गीझर, इस्त्री, इंडक्शन यांना ते कृपा करून लावू नये.

प्लग-सॉकेटसाठी आय.एस. १२९३ आणि खटक्यांसाठी आय.एस. ३८५४ ही मानकं आहेत आणि ती चांगली आहेत. लोडवर चालवून पाहताना सॉकेटच्या टर्मिनलचं (वायर आवळतात त्या जागेचं) तापमान आजूबाजूच्या हवेपेक्षा ४५ अंशांहून जास्त वर जाता कामा नये, इथपर्यंत त्यांत लिहिलेलं आहे. प्रश्न दुकानातल्या मालाचा आहे. आयएसआयची खूण देणाऱ्या भारतीय मानक ब्युरोने (बीआयएस) कारखान्यातून नव्हे, गल्लीतल्या दुकानातून नग विकत घेऊन तपासावेत आणि नापास मालाची नावं मराठी वर्तमानपत्रांत छापावीत. ब्युरोच्याच ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये परवाना क्रमांक टाकून खरा-खोटा पाहता येतो. आमच्या ५६ फ्लॅटच्या सोसायटीत हे ठाऊक असलेले दोघे निघाले, त्यातला एक मी.

आणि एक विनंती आपल्यालाही. पुढच्या आगीच्या बातमीत ‘शॉर्टसर्किट’ लिहिण्याआधी आपल्या वार्ताहराने अग्निशमन दलाला आणि विद्युत निरीक्षकांना एवढं तरी विचारावं : एमसीबी पडली होती का? जळण्याची सुरुवात कुठल्या पॉइंटला झाली? त्यावर काय चालू होतं? सॉकेटवर परवाना क्रमांक होता का?

ते जळकं सॉकेट मी टाकलेलं नाही. आपल्या कुणाला बघायचं असेल तर सकाळी दहानंतर मी घरीच असतो. सौ.नी ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत झाकण लावून गॅलरीत ठेवलंय. बरणी उघडली की वास अजून येतो, तेवढा सहन करावा लागेल.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिल्प निदेशक, पुणे