डेटाचा खटला: मित्रास पत्र

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, “अरे, यंत्र ते यंत्र, त्याच्यावरच्या खटल्यात रडण्यासारखं काय आहे?” मला पटकन काही सुचलं नाही, मग तूच विषय बदललास. पण प्रश्न मनातून गेला नाही. काल रात्री सगळे झोपल्यावर तो भाग पुन्हा पाहिला आणि आता सवडीने लिहायला बसलोय. एवढं सगळं फोनवर मला बोलता आलं नसतं.

‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ या अंतराळावरच्या अमेरिकी मालिकेच्या दुसऱ्या सीझनमधला हा नववा भाग, ‘द मेझर ऑफ अ मॅन’. फेब्रुवारी १९८९ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा दाखवला गेला. लिहिणारी मेलिंडा स्नॉडग्रास आधी वकिली करायची आणि ते जाणवतं. अंतराळातली गोष्ट असूनही लढाई नाही, स्फोट नाहीत. एका खोलीत चार माणसं बोलतात, तेवढंच.

डेटा हा अँड्रॉइड, म्हणजे माणसासारखा दिसणारा यंत्रमानव, अंतराळ जहाजावरचा अधिकारी. मॅडॉक्स नावाच्या शास्त्रज्ञाला तो खोलून बघायचाय, म्हणजे पुढे त्याच्यासारखे पुष्कळ बनवता येतील. डेटा आधी त्याची तयारी तपासतो, ती अपुरी आहे हे त्याच्या लक्षात येतं आणि तो नकार देतो. आठवणी कॉम्प्युटरमध्ये उतरवून ठेवू, असं मॅडॉक्स म्हणतो. डेटाचं उत्तर मला फार आवडतं. पोकरवरची सगळी पुस्तकं त्याने वाचली होती, पण प्रत्यक्ष खेळायला बसल्यावर खेळ वेगळाच निघाला. माहिती जपली जाईल, अनुभवातलं जे शब्दात सापडत नाही ते जाईल, अशी त्याला भीती आहे. मग तो राजीनामा देतो, आणि मॅडॉक्स म्हणतो की वस्तूला राजीनामा देता येत नाही. जहाजाच्या कॉम्प्युटरने दुरुस्तीला नकार दिला तर आपण ऐकू का?

तू म्हणशील, मुद्दा बरोबरच आहे. मलाही पहिल्यांदा बरोबर वाटला होता.

आता रायकर, जहाजावरचा कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी. डेटा वस्तू की व्यक्ती, हे ठरवायला सुनावणी होते. जहाज थांबलंय त्या अंतराळ ठाण्यावर वकीलच नाहीत, त्यामुळे न्यायाधीश लुव्हॉ कॅप्टन पिकार्डला डेटाची बाजू देते आणि डेटाविरुद्ध उभं राहायचं काम रायकरला. रायकर त्याचा मित्र आहे, तो नाही म्हणतो. पण नाही म्हटलं, किंवा हातचं राखून काम केलं, तर निकाल तिथल्या तिथे डेटाच्या विरोधात जाणार. म्हणून तो रात्री एकटा बसून डेटाचे आराखडे वाचतो. वाचता वाचता त्याला डेटाला बंद करण्याचं बटण सापडतं आणि चेहऱ्यावर हसू येतं, जिंकण्याचा मुद्दा मिळाल्याचं हसू. दुसऱ्याच क्षणी ते विरतं. संवाद एकही नाही. रायकर झालेल्या जोनाथन फ्रेक्सने एवढ्या वर्षांत याहून चांगलं काही केलं असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी तो भर सुनावणीत डेटाचा हात काढून दाखवतो, मग ते बटण दाबतो आणि डेटा टेबलावर कोसळतो. कठपुतळीची दोरी कापली, अशा अर्थाचं तो बोलतो आणि खाली मान घालून जागेवर जातो.

त्याच सुनावणीत डेटाची क्षमता सांगतात. साठवण ८ लाख लाख कोटी बिट, म्हणजे ८ वर १७ शून्यं, आणि गती सेकंदाला ६० लाख कोटी क्रिया. १९८९ मध्ये हे आकडे ऐकून लोकांचे डोळे विस्फारले असतील. आज गेम खेळायच्या चांगल्या ग्राफिक्स कार्डाची गती त्याच्या पुढे गेली आहे. म्हणजे रायकरने मोठा पुरावा म्हणून मांडलेला आकडा आता कुणाच्याही टेबलाखाली आहे, आणि प्रश्न होता तिथेच आहे.

पिकार्ड वेगळा रस्ता धरतो. डेटाने आवरलेली बॅग तो समोर ठेवतो. त्यात पदकं निघतात. ती कशाला हवीत, याला डेटाकडे उत्तर नाही. उपयोग काही नाही, फक्त हवीशी वाटली. पिकार्डने दिलेलं एक पुस्तक निघतं. आणि मरण पावलेल्या सहकारी स्त्रीची छोटी प्रतिमा निघते, तिच्याबद्दल बोलायला डेटा आढेवेढे घेतो, कारण त्याने तिला शब्द दिलेला असतो.

पदकांपाशी मी थांबवलं. बाबा शेवटच्या वर्षी उशीखाली सायकलची किल्ली ठेवायचे, तुला आठवतं? सायकल विकून कितीतरी वर्षं झाली होती. कशाला हवी असं विचारलं की म्हणायचे, “असू दे.”

आजच्या बोलणाऱ्या प्रोग्रॅमना मन आहे असं मी म्हणत नाही, यावर आपलं भांडण नाही. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावर शिकून ते पुढचा शब्द जुळवतात. त्यातल्या एखाद्याने “मला वाईट वाटतं” म्हटलं म्हणून मी ते पुरावा मानणार नाही. डेटाचंही बोलणं मला हलवत नाही. त्याने जपून ठेवलेल्या निरुपयोगी वस्तू हलवतात.

बॅग उघडण्याआधी, सुनावणीच्या मधल्या सुट्टीत, पिकार्ड हताश होऊन जहाजावरचा बार चालवणाऱ्या गायननकडे गेलेला असतो. ती भूमिका व्हूपी गोल्डबर्ग या कृष्णवर्णीय अभिनेत्रीची आहे, आणि पुढचं बोलणं तिच्याच तोंडून यावं यात फार मोठा अर्थ आहे. एक डेटा नव्हे, हजारो डेटा, घाणीची आणि जिवावरची कामं करणारे, ज्यांचं काय होतं याचा कुणी विचार करायचा नाही, असं चित्र ती शांतपणे उभं करते. पिकार्डला तेव्हा शब्द सापडतो: गुलामगिरी. १८५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट खटल्यात कृष्णवर्णीय माणूस देशाचा नागरिक होऊच शकत नाही असं ठरवलं होतं आणि गुलामाला मालकाची मालमत्ता मानलं होतं. तिथेही कायद्याची भाषा अगदी व्यवस्थित होती. आणि ‘रोबो’ हा शब्द तरी कुठून आला? कारेल चापेकच्या १९२० सालच्या चेक नाटकातून. मूळ शब्द ‘रोबोटा’, म्हणजे वेठ. नावातच वेठबिगार लिहून ठेवलाय, विनू.

सुनावणीत बॅगेनंतर पिकार्ड मॅडॉक्सला विचारतो, जाणतं कुणाला म्हणायचं? मॅडॉक्स तीन कसोट्या सांगतो: बुद्धी, स्वतःची ओळख आणि चेतना. मी जाणता आहे हे सिद्ध करून दाखव, असं पिकार्ड त्याला म्हणतो, तेव्हा तो चिडतो. पहिल्या दोन कसोट्या डेटा पार करतो. तिसरी कशी मोजायची हे त्या खोलीत कुणालाच ठाऊक नसतं. शेवटी लुव्हॉ डेटाला आत्मा आहे असा निकाल देतच नाही. तो आहे की नाही हे तिला माहीत नाही, स्वतःला आहे की नाही हेही माहीत नाही, पण त्याचा शोध घ्यायची मोकळीक डेटाला मिळाली पाहिजे, असं ती म्हणते. माहीत नाही म्हणून तोडायला परवानगी, असं न म्हणता माहीत नाही म्हणून हात आखडता घ्या, असं म्हणणारा न्यायाधीश! रडलो ते इथे.

त्या तीन कसोट्या बाबांना लावून बघ. साल सांगता येत नव्हतं. आरशात बघून “हे गृहस्थ कोण?” असं विचारायचे. मॅडॉक्सच्या वहीत बाबा नापास झाले असते.

मॅडॉक्स पूर्ण वेळ डेटाला ‘इट’ (it) म्हणतो, वस्तूला म्हणावं तसं. हरल्यावर नकळत ‘ही’ (he), म्हणजे ‘तो’, म्हणून जातो आणि लुव्हॉच्या ते लक्षात येतं. मराठीत हे कसं उतरवायचं, यावर मी रात्री बराच वेळ अडकलो. यंत्र ‘ते’, पण कुशीतलं लेकरूही ‘ते’, आणि वडीलही ‘ते’च. आपल्याकडे सर्वनामावरून काही कळत नाही, पुढचं क्रियापद ऐकावं लागतं. हॉस्पिटलमध्ये रात्रपाळीला येणारा एक जण दारातून विचारायचा, “बारा नंबरचं पेशंट झोपलंय का?” तो वाईट माणूस नव्हता, दमलेला असायचा. पण मी रोज आतून तुटायचो. आणि तू कामावरून थेट आलास त्या रात्री, त्याच दारातून, हळू आवाजात विचारलंस, “बाबा झोपलेत का?” त्यांना तुझं नाव आठवत नव्हतं हे तुला माहीत होतं. तरी आत येऊन तू आधी त्यांना नमस्कार केलास.

म्हणून मला तुझं “यंत्र ते यंत्र” पटत नाही. तू तसा वागणारा माणूस नाहीस.

शेवटचा प्रसंग तू पाहिला नसशील, तुला वाटलं निकालाबरोबर भाग संपला. सगळे आनंद साजरा करताहेत आणि रायकर एकटा बसलाय, तोंड दाखवायला तयार नाही. डेटा त्याला शोधत येतो. तू उभा राहिला नसतास तर मी हरलोच असतो, त्या कृत्याने तुला जखम झाली आणि मी वाचलो, हे मी विसरणार नाही, असं तो त्याला सांगतो.

रविवारी सवड काढून पुन्हा बघ. रायकरच्या त्या विरणाऱ्या हसण्यापाशी थांब, आणि मग मला फोन कर, कितीही वाजले असले तरी. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्री