गायीला चाळीस रुपये देता, थोडं गवतालाही द्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या मध्य प्रदेश सरकारने गोशाळांचं अनुदान एका गायीमागे रोजच्या 20 रुपयांवरून 40 रुपये केलं, ही गोष्ट मला मनापासून आवडली, कारण वीस रुपयांत आजकाल गायीचं एक वेळचं पोटसुद्धा भरत नाही. पण हा पैसा शेवटी जातो कशात तर भुसा विकत घेण्यात. आणि भुसा तरी कुठे धड मिळतो, गव्हाची कापणी हार्वेस्टरने झाली की निम्मं काड शेतातच उभं राहतं, ती नरवाई, म्हणजे शेतात उरलेली धसकटं, लोक पेटवून देतात, मग मे-जूनमध्ये भुश्याचा भाव असा चढतो की चार गायी असलेला माणूस एक विकून उरलेल्या तिघींना खायला घालतो. आणि त्याच गावाच्या शिवेवर चरनोई म्हणजे गावाची चराईची जमीन असते, बीड म्हणजे गवताचं रान असतं, जिथे पिढ्यानपिढ्या गवत आपोआप उगवत आलंय, ना बियाणं लागतं ना खत, तिकडे मात्र कोणाचंच लक्ष नाही. त्याबद्दलच लिहायचंय, पत्र थोडं लांबलंय पण कृपया पूर्ण छापा.

मी इंदूरला राहते, पण आमच्या दिरांची गुरं महूच्या पुढे मानपूरच्या बाजूला आहेत, माळवी गायी आणि थोड्या गीर, त्यामुळे माझं तिकडे येणंजाणं बरंच. तिथलं बीड मी लग्न होऊन आले तेव्हा पाहिलेलं आहे, भादव्यात पवन्या आणि मारवेल गवत गुडघ्याच्या वर असायचं, वारा आला की सगळा उतार एका बाजूला झुकायचा. आता त्याच जागी जास्त करून कुसळी गवत आहे. कुसळी कोवळी असते तोवर गुरं खातात, पण एकदा तिला कुसळं धरली की ती गायीच्या ओठात, हिरड्यांत, जिभेखाली रुततात, मग तोंड सुजतं आणि गाय खायचंच सोडते. दिरांकडे गुरं राखणारे एक म्हातारे बाबा आहेत, ते गायीचं तोंड एका हाताने उघडून दुसऱ्या हाताच्या बोटांनी एकेक कुसळ ओढून काढतात आणि वर हळद-तेल लावतात, हे पाहिलं की मला वाटतं गवताची जात बदलली तर काय होतं हे मोठमोठ्या मीटिंगा घेणाऱ्या साहेबांनी इथे येऊन पाहावं.

हे असं का झालं तर त्यात काही गूढ नाही. गुरं आधी चांगलं गवत खातात, साहजिकच आहे. पहिला पाऊस पडला की पवन्या-मारवेलसारखी बारमाही गवतं मुळांत साठवलेल्या ताकदीवर कोंब काढतात, आणि नेमक्या त्याच वेळी सगळ्या गावाची गुरं उन्हाळाभर उपाशी असल्यामुळे तिथे सुटतात. कोंब खाल्ला, परत फुटला, परत खाल्ला, असं दोन-तीनदा झालं की मूळच खचतं, मग त्या जागेवर कुसळी येते आणि तीही गेली की उरतो नुसता मुरूम. बाबा म्हणतात, "बाई, पहिल्या पावसाचं गवत जमिनीचं असतं, त्यानंतरचं गुरांचं." साधारण दोन महिने जरी त्या जमिनीला सोडलं, आणि नंतर चराई किंवा कापणी करताना वीतभर नाही तर निदान चार बोटं गवत उभं ठेवलं, तर मुळं जगतात. झांशीला भारतीय चरागाह आणि चारा संशोधन संस्था 1962 पासून आहे, तिथले शास्त्रज्ञही आलटून पालटून चराई आणि विसावा हेच सांगतात, म्हणजे ज्ञान घरात आहे, झांशी लांब म्हटली तरी आपलं महूचं पशुवैद्यकीय कॉलेज तासाभराच्या अंतरावर आहे, पण ते ज्ञान गवळ्याच्या गोठ्यापर्यंत येत नाही.

आता लोक म्हणतील की मग बीडाला कुंपण घालून गुरं बंदच करा. नाही हो, हेच तर आपल्या मध्य प्रदेशात करून झालंय. शिवपुरी जिल्ह्यात करैरा अभयारण्य 1981 साली सोनचिडियासाठी म्हणजे माळढोकासाठी केलं, जमिनी बऱ्याचशा लोकांच्याच, पण त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधन आलं, लोक वैतागले, पक्षी म्हणजे त्यांना शत्रू वाटायला लागला, आणि नव्वदच्या दशकात तो पक्षी तिथून गेला तो गेलाच. शेवटी 2022 मध्ये अभयारण्याची अधिसूचनाच रद्द झाली. पक्षीही नाही, गवतही नाही, आणि लोकांची मात्र चाळीस वर्षं कोर्टकचेऱ्यांत आणि अर्जांत गेली. आपल्याकडे धार जिल्ह्यात सरदारपूरला खरमोर पक्ष्याचं अभयारण्य आहे, 1983 चं, सुरुवातीला साधारण 348 चौरस किलोमीटर, तिथेही जमीन बहुतेक महसुली आणि खासगी, तिथेही रजिस्ट्रीचा तोच प्रश्न लोकांनी वर्षानुवर्षं मांडला. रतलामजवळ सैलानाला शिकारवाडी आहे, तेही त्याच वर्षीचं अभयारण्य.

खरमोर ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, मराठीत याला तणमोर म्हणतात, कोंबडीएवढा पक्षी, पावसाळ्यात नर गवतातून माणसाच्या उंचीइतकी उडी मारतो, क्षणभर पंख फडफडवतो आणि परत गवतात गडप होतो, दिवसभरात अशा शेकडो उड्या, फक्त मादीला दिसावं म्हणून. मादी अंडी घालते जमिनीवर, गवतात, जुलै ते सप्टेंबरच्या दरम्यान. 2021 मध्ये या पक्ष्याला जगातल्या अतिशय संकटात असलेल्या प्रजातींच्या यादीत टाकलं गेलं. म्हणजे तो पुढे राहणार की नाही हे पुष्कळसं आपल्या माळव्याच्या आणि आसपासच्या गवतावर ठरणार आहे. आणि त्याला लागतं तरी काय, मोकळा माळ, गुडघाभर गवत, त्यात किडे-नाकतोडे, आणि पावसाळ्यात थोडी शांतता. अगदी उजाड माळ त्याला चालत नाही आणि झाडाझुडपांनी भरलेला तर मुळीच चालत नाही. म्हणजे बघा, बेतानं चरलेलं आणि वेळेवर विसावा दिलेलं बीडच त्याला हवं, आणि गायीलाही नेमकं तेच हवं! गवळी आणि खरमोर यांचं भांडण नाहीये, भांडण आपण लावलंय.

अमेरिकेचं उदाहरण देते कारण तिथे हे प्रत्यक्षात चाललंय. पुरुषभर उंच गवताची त्यांची प्रेअरी आता 4 टक्क्यांहून कमी उरली आहे, आणि जी उरली ती जास्त करून कॅन्ससच्या फ्लिंट हिल्समध्ये, कारण तिथे मातीखाली दगड, नांगर चालला नाही, म्हणून ती जमीन गायीवाल्यांच्या हातात चराईला राहिली. इतर भागांत लोकांनी युरोपातून आलेलं टॉल फेस्क्यू गवत पेरलं, ते वसंतात जोरात येतं पण ऐन उन्हाळ्यात थांबतं, शिवाय त्यात एक बुरशी असते तिच्यामुळे गायी उन्हात तापतात आणि वजन धरत नाहीत. मग त्यांना आपल्या मातीतल्या बिग ब्लूस्टेमसारख्या गवतांची आठवण झाली जी नेमकी उन्हाळ्यातच वाढतात. आता तिथलं कृषी खातं अशा शेतकऱ्याच्या बियाणाचा, कुंपणाचा, पाण्याच्या टाक्यांचा काही खर्च उचलतं, माणूस पाठवून चराईचा आराखडा बनवून देतं, आणि त्याच गवतात बॉबव्हाइट नावाच्या लाव्याला घरटी करायला जागा मिळते. गायीवाल्याला बाजूला सारून नाही, त्याला सोबत घेऊन! आपल्या मातीची गवतं वेगळी, पाऊस वेगळा, गुरं वेगळी, त्यामुळे त्यांची नक्कल करा असं मी म्हणत नाहीये, पण मदतीचा हा प्रकार आपल्याला का जमू नये?

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता 1959, कलम 237, गावाच्या शेतजमिनीच्या निदान 2 टक्के जमीन चराईसाठी राखायला सांगते. पूर्वी हे प्रमाण जास्त होतं, कमी करत करत दोनवर आणलं, आणि आता ते दोन तरी जागेवर आहेत का हे गावोगावी जाऊन पाहायला हवं, कारण सोयाबीन आल्यापासून माळव्यात नांगर कुठवर सरकला हे सगळ्यांना दिसतंय. सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2011 मध्ये जगपाल सिंग विरुद्ध पंजाब या केसमध्ये गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढायला सगळ्या राज्यांना सांगितलंय. वनहक्क कायदा 2006 मध्ये चराईचा हक्क आहे, अगदी मारवाडातून दरवर्षी मेंढ्या आणि उंट घेऊन येणाऱ्या रायकांसारख्या फिरत्या लोकांचाही. त्यांच्या मेंढ्या शेतात बसवायला आपले शेतकरी उत्सुक असतात कारण लेंडीखत मिळतं, पण गावाच्या बीडात कधी यायचं, किती दिवस राहायचं हे त्यांच्याशी बसून कोणी ठरवत नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते, चरनोईवर खड्डे खणून झाडं लावू नका. सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक, म्हणून जुलै आला की वृक्षारोपणाचे फोटो काढायला लोक तिथेच जातात. झाडं मलाही प्रिय आहेत पण रस्त्याकडेला लावा, नाल्याकाठी लावा, उजाड टेकडीवर लावा. जिथे जुनं पवन्याचं गवत उभं आहे तिथे खड्डा खणणं म्हणजे गायीच्या ताटात हात घालणं आहे.

माझं मागणं एवढंच की त्या 40 रुपयांतला थोडा भाग, नाहीतर वेगळी रक्कम, गोशाळेबाहेरच्या गवतासाठी आणि गवळ्यासाठी काढा. गावातल्या गुरं पाळणाऱ्यांची समिती करा, त्यात बायका घ्या कारण घास कापून आणतात त्या बायकाच, बीडाचे तीन-चार तुकडे पाडा, दरवर्षी एक तुकडा पहिल्या पावसापासून बंद ठेवा आणि त्या दोन महिन्यांसाठी त्या घरांना भुसा द्या, कारण उपाशी गाय दारात उभी असताना कोणी नियम पाळू शकत नाही, हे विसरून कुठलीही योजना चालणार नाही. सरदारपूर आणि सैलानाच्या गावांत जो शेतकरी पिल्लं उडेपर्यंत गवत कापायचं थांबेल त्याला त्या थांबण्याचे रोख पैसे द्या, आणि ते वेळेवर द्या. पवन्या-मारवेलचं बियाणं जुन्या बीडातूनच गोळा करायला बचत गटांना सांगा, दोन पैसे त्यांनाही मिळतील.

2026 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी गवताळ प्रदेश आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय, तेव्हा आपल्या पेपरनेही एक काम करावं अशी विनंती आहे. इंदूर जिल्ह्यातल्या काही गावांची चरनोई पटवाऱ्याच्या नकाशावर किती आणि जागेवर किती हे आपल्या वार्ताहरांकडून मोजून घ्या आणि गावाच्या नावासकट छापा. पाऊस यायच्या आधी छापलं तर कलेक्टर साहेबांना याच हंगामात काही करता येईल.

कळावे,
आपली एक वाचक,
इंदूर