काका, किती चुकलं?

प्रिय काका,

तुम्ही समोर असता तर हे पत्र लिहिलंच नसतं. आभाराचा पहिला शब्द उच्चारला की तुम्ही हात झटकून विषय बदलता, हे शेजारच्या नऊ वर्षांत पक्कं कळलंय. आता तुम्ही लेकाकडे राहायला गेलात, तेव्हा मधेच तोडायला कोणी नाही. आणि उघड लिहितेय ते अशासाठी, की गणिताला घाबरणारी मोठी माणसं माझ्यासारखी पुष्कळ असतात आणि ती हे कुणाला सांगत नाहीत.

मी कितीतरी वर्षं सांगितलं नव्हतं. ऑफिसात टक्केवारीचा तक्ता समोर आला की मी तो शेजारच्या टेबलावर सरकवायची आणि त्यासाठी रोज नवं कारण शोधायची. शाळेत उत्तर चुकलं की लाल फुली आणि भोपळा. शंभरातला एक चुकला काय नि नव्वद चुकले काय, फुली तेवढीच. ती फुली डोक्यात राहिली, गणित मात्र निघून गेलं.

तुम्हाला तो पहिला दिवस आठवत असेल. लेकीचा सहावीचा गृहपाठ होता: पृथ्वीचं क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर, त्यातली २९ टक्के जमीन, तर जमीन किती? मी फोन उघडला, तुम्ही तो सरळ उचलून खिशात टाकलात. म्हणालात, "आधी अंदाज सांग." मी घाबरत म्हटलं, ५० कोटींचे ३० टक्के, म्हणजे १५ कोटी. मग फोन परत दिलात. त्यावर उत्तर आलं १४.७९ कोटी. मी म्हटलं, "चुकलं." तुम्ही म्हणालात, "चुकलं हे उत्तर झालं नाही. किती चुकलं?"

हा प्रश्न मला तोवर कुणीच विचारला नव्हता.

पुढची गंमत तर अजूनच भारी होती. २९ हा आकडाच मुळात गोल केलेला, खरा २९.२ च्या आसपास. त्यानं गुणलं तर जमीन येते १४.८९ कोटी. म्हणजे माझा अंदाज ११ लाखांनी जास्त आणि कॅल्क्युलेटरचं 'बरोबर' उत्तर १० लाखांनी कमी! ११ लाख चौरस किलोमीटर म्हणजे अर्धा ग्रीनलंड. ऐकायला केवढं मोठं. टक्क्यांत मांडलं तर जेमतेम पाऊण टक्का. चूक मोजता येते, आणि मोजली की ती लाज न राहता नुसता एक आकडा होते, हे मला त्या संध्याकाळी कळलं. वय वर्षं एक्केचाळीस.

ही सवय तुम्हाला कुठून लागली तेही नंतर उमगलं. मर्चंट नेव्हीतला माणूस, आयुष्य जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या खोलीत, गेलेलं. समुद्रात कोणी फुली मारत नाही, तिथे चूक सरळ मैलांत भरावी लागते. दिशा १ अंशानं चुकली तर ६० मैलांनंतर जहाज साधारण १ मैल बाजूला जातं. हे तुम्ही जमिनीवर खडूनं रेघ मारून दाखवलंत, आणि लेकीनं लगेच पुढचा सवाल टाकला: ३ अंश चुकलं आणि ४०० मैल गेलो तर? वीस मैल, तिनंच सांगितलं. मी अजून भागाकार मांडत होते.

सागरी मैलाची गोष्ट तर मी आता भेटेल त्याला सांगते. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० मिनिटं, आणि एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. १५ नॉटनं, म्हणजे तासाला १५ सागरी मैलांनी, चालणारं जहाज २४ तासांत ३६० सागरी मैल जातं, म्हणजे सरळ उत्तरेला गेलं तर बरोबर ६ अंश. कागद नको, पेन नको. पूर्ण फेरी ३६० अंश, म्हणून २१,६०० सागरी मैल. त्याला १.८५२ नं गुणा, ४०,००३ किलोमीटर. मी विचारलं होतं, "एवढा गोल आकडा कसा काय?" तेव्हा कळलं की गोल आकडा पृथ्वीनं दिलेला नाही, माणसांनी करून घेतलाय. १७९१ साली फ्रान्समध्ये ठरलं की ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. पाव फेरी एक कोटी मीटर, तर पूर्ण फेरी चार कोटी मीटर, म्हणजे ४०,००० किलोमीटर.

आणि त्यातही चूक! दलाँब्र आणि मेशँ हे दोघे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ १७९२ मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कपासून स्पेनमधल्या बार्सिलोनापर्यंतचं अंतर मोजायला निघाले, मधे राज्यक्रांतीची धामधूम, काम संपायला सहा-सात वर्षं. आज आपल्याला ध्रुवांवरून जाणारी फेरी ४०,००८ किलोमीटर मिळते. म्हणजे ४०,००० मागे ८ चूक, ०.०२ टक्के, मीटर ०.२ मिलिमीटरनं आखूड राहिला. त्या काळातली साधनं, बैलगाड्यांचे रस्ते, आणि चूक केसाच्या दोन-तीन जाडींएवढी. मी तेव्हा म्हटलं, "बिचारे." तुम्ही म्हणालात, "बिचारे कसले, मला असा नॅव्हिगेटर एकदाच भेटला असता तरी पुरे होतं."

तुमचा तो ३० सेंटिमीटर व्यासाचा ग्लोब आता आमच्या कपाटावर आहे. त्यावर आपण जितकी त्रैराशिकं केली तितकी मी शाळेच्या दहा वर्षांत मिळून केली नसतील. पृथ्वी ध्रुवांशी चपटी, हे वाक्य सगळ्यांना पाठ. पण किती चपटी? विषुववृत्तावर व्यास १२,७५६ किलोमीटर, ध्रुवाकडून सुमारे ४३ नं कमी. ग्लोबवर तो फरक येतो १ मिलिमीटर. डोळ्यांना दिसायचाच नाही. एव्हरेस्ट ८,८४९ मीटर, ग्लोबवर ०.२ मिलिमीटर, ग्लोबला चिकटवलेला कागदही त्याहून फार पातळ नसेल. मग मी दुकानातून हौसेनं उठावाचा ग्लोब आणला, ज्यावर डोंगर बोटाला लागतात, तेव्हा तुम्ही पट्टी घेऊन बसलात. डोंगर २ मिलिमीटर उंच. म्हणजे त्या मापानं ८५ किलोमीटर! खोटं किती? जवळजवळ दहापट. तो ग्लोब आता लेकीच्या मैत्रिणीकडे असतो, सूचनेसकट.

भिंतीवरच्या नकाशाचंही तेच. त्यावर ग्रीनलंड आणि आफ्रिका जवळपास सारखे दिसतात. ग्रीनलंड सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, आफ्रिका सुमारे ३ कोटी. भागाकार केला तर चौदा येतात. लेकीला वाटलं आपलंच काही चुकलं, तिनं तीनदा केला. गोल कवच सपाट कागदावर पसरताना ध्रुवांकडचा भाग फुगवावा लागतो, हे तुम्ही सावकाश सांगितलंत, पण माझ्या मनात राहिलं ते गुणोत्तर. आता ऑफिसात कुणी आलेख दाखवला की मी आधी अक्षावरचे आकडे वाचते. खालची रेघ शून्यापासून सुरू होते की भलतीकडूनच? एकदा तसं विचारलं तर बैठकीत दोन मिनिटं शांतता पसरली होती. कोणाचा आलेख होता ते राहू द्या.

लीप वर्षाची संध्याकाळ मला सगळ्यात आवडलेली. पावसामुळे दिवे गेले होते, म्हणून सगळं तोंडी झालं. वर्ष ३६५.२४२२ दिवसांचं. दर चार वर्षांनी एक दिवस वाढवला तर सरासरी ३६५.२५ होते, म्हणजे वर्षाला ०.००७८ दिवस जास्त, सुमारे सव्वाअकरा मिनिटं. सव्वाअकरा मिनिटांचं काय एवढं? तुम्ही म्हणालात, साठव. १२८ वर्षांत एक दिवस. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तो दिवस, इ.स. ३२५ पासून १५८२ पर्यंत तारखेत किती सरकला? १,२५७ भागिले १२८, जवळजवळ दहा. आणि खरोखरच १५८२ मध्ये युरोपातल्या काही देशांत ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आला, दहा दिवस गाळले गेले. अंधारात बसून आपण काढलेलं उत्तर इतिहासात आधीच लिहून ठेवलेलं होतं, काका! मला काटा आला होता. मग नवा नियम: शतकवर्ष लीप नाही, पण ४०० नं भाग गेला तर आहे. एक चतुर्थांश वजा एक शतांश अधिक एक चारशेवा भाग, म्हणजे ०.२४२५. अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी कशासाठी शिकायची, हा माझा जुना तक्रारवजा प्रश्न तिथे गळून पडला. उरलेली चूक वर्षाला २६ सेकंद. "ती कोण दुरुस्त करणार?" लेकीनं विचारलं. "तुझ्यानंतर शंभरेक पिढ्या," तुम्ही म्हणालात.

ऋण संख्या तशी लवकर झाली. पृथ्वीवर नोंदलेलं सगळ्यात कमी तापमान: अंटार्क्टिकातलं व्होस्तोक, १९८३, उणे ८९.२ अंश सेल्सियस. सगळ्यात जास्त: अमेरिकेतली डेथ व्हॅली, १९१३, ५६.७. फरक सांगताना लेकीनं वजाबाकी केली, तुम्ही उभी रेघ काढलीत, मधे शून्य मांडलंत, ती स्वतःच हसली आणि १४५.९ म्हणाली.

एका बाबतीत मात्र माझं तुमच्याशी अजून पटत नाही. कॅल्क्युलेटर खिशात टाकण्याचा तुमचा कायदा पहिल्या महिन्यापुरता ठीक होता. अंदाज आधी केला असेल तर नंतर यंत्र वापरण्यात काही वावगं नाही, असं माझं मत आहे. उलट अंदाज हाताशी असतो म्हणूनच यंत्रावर शून्य जास्त दाबलं गेल्याचं लक्षात येतं. तुम्ही मान्य करणार नाही, ठाऊक आहे.

लेकीचं आवडतं गणित वेगळंच. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, ते एका वर्षात बसवायचं. एक दिवस म्हणजे सुमारे १.२४ कोटी वर्षं, एक तास म्हणजे पाच लाखांहून थोडी जास्त. डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, म्हणजे २६ डिसेंबरच्या दुपारी. आपण, म्हणजे माणूस, तीनेक लाख वर्षांचे, तर ३१ डिसेंबरच्या रात्री अकरा पंचविसाला आलो. लिहायला शिकून पाचेक हजार वर्षं झाली, म्हणजे शेवटची ३५ सेकंदं. हे ती भराभर म्हणून दाखवते. पण मला जास्त आवडलं ते तुमचं त्यापुढचं. पृथ्वीच्या वयाच्या आकड्यातच सुमारे एक टक्का इकडेतिकडे धरतात, म्हणजे ५ कोटी वर्षं. मग डायनासोरांची तारीख पार कोलमडणार की काय? मी होच म्हटलं. तुम्ही पुन्हा तेच: "एक टक्का कशाचा?" ते वर्षाच्या शेवटापासून साडेपाच दिवसांच्या आत, सुमारे १२७ तास मागे आहेत, त्याचा एक टक्का, म्हणजे सव्वा तास. दुपार दुपारच राहते. टक्का ऐकला की 'कशाचा?' हा प्रश्न माझ्या तोंडून आता आपोआप निघतो. घरी त्यावरून माझी थट्टा होते.

हो, आणि तो टक्केवारीचा तक्ता आता माझ्याच टेबलावर असतो. बाकीच्या टेबलांवरचेही अधूनमधून येतात.

आता जाताना दिलेल्या गणिताबद्दल. ग्लोब ही पृथ्वी धरली तर चंद्र आणि सूर्य कुठे ठेवायचे, असं विचारून तुम्ही गाडीत बसलात. चंद्र आम्ही मागच्या रविवारी ठेवला. अंतर ३,८४,४०० किलोमीटर, पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपटीहून किंचित जास्त, म्हणून ९ मीटर ५ सेंटिमीटर. चंद्राचा व्यास साडेनऊ, नाही, थांबा, पुन्हा केलं: ८.२ सेंटिमीटर. लेकीनं तेवढा चेंडू शोधला. आमची गच्चीकडची वाट आठ मीटरचीच, म्हणून चंद्र शेवटी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलाय, आणि येणारा-जाणारा त्याला ओलांडून जातो.

सूर्य ठेवायला जागा नाही. १५ कोटी किलोमीटर भागिले पृथ्वीचा सरासरी व्यास १२,७४२, गुणिले ३० सेंटिमीटर: मला साडेतीन किलोमीटर आलं. आणि सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट, म्हणजे जवळजवळ ३३ मीटर, अकरा मजली इमारतीएवढा. अंदाज आधी केला होता, तो ४ किलोमीटर आणि दहा मजले असा होता. कॅल्क्युलेटर नंतर वापरला, लपवत नाही.

किती चुकलं ते कळवा.

तुमची,
शेजारची