चौथी 'ब'च्या बाईंना

आदरणीय बाई,
सादर नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं, चहा झाला का" म्हणून विषय बंद करता. म्हणून एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या विकाराच्या, माझ्या निदानाला तुम्ही जी मदत केलीत तिच्यासाठी हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. आता मध्ये बोलायची सोय नाही तुम्हाला.

आधी प्रगतिपुस्तकाचं. १९९३-९४, इयत्ता चौथी, निळ्या शाईत तुमचं अक्षर: 'हुशार आहे. लक्ष दिल्यास पुष्कळ प्रगती करेल. वस्तू सांभाळत नाही.' हा शेरा मी तीस वर्षं तोंडपाठ बाळगला, आणि तुमच्यावरचा रागही. दहावीला, बी.कॉम.ला, सासरी, सातपूरच्या कारखान्यात डिस्पॅचला लागल्यावरसुद्धा. 'लक्ष दिल्यास.' जणू लक्ष माझ्या पर्समध्ये होतं आणि मी ते काढायला कंजुषी करत होते.

वरवर सगळं ठीक दिसायचं. ते कसं दिसायचं, हे मलाच ठाऊक. कुकरच्या तीन शिट्ट्या मोजताना दुसरीनंतर डोकं कुठेतरी निघून जायचं, म्हणून ओट्यावर मटारचे तीन दाणे मांडायचे आणि दर शिट्टीला एक वाटीत टाकायचा. सासूबाईंना वाटायचं मी निवडणं घेऊन बसलेय. कोथिंबीर एका आठवड्यात तीनदा घरी यायची, आणि विजेचं बिल मात्र मुदत टळल्यावर आठवायचं. गेल्या वर्षी ई-वे बिलाची, म्हणजे मालाच्या गाडीसोबत लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याची, मुदत वाढवायची राहून गेली आणि भरलेली गाडी रात्रभर रस्त्यात अडकली. साहेब ओरडले नाहीत. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्याआधी दोन वर्षं एका डॉक्टरांकडून चिंतेच्या गोळ्या चालू होत्या. झोप लागायची, मटारचे दाणे काही सुटले नाहीत.

मग गंगापूर रोडवरच्या मानसोपचाराच्या डॉक्टर मॅडम. त्यांनी आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघितलं, झोपेचं विचारलं. मग जागतिक आरोग्य संघटनेची सहा प्रश्नांची चाळणी पुढे केली. अवघड काम संपल्यावर शेवटचं बारीकसारीक तसंच लोंबकळत राहतं का? ठरलेली वेळ, द्यायचं-घ्यायचं विसरता का? मला हसूच फुटलं, स्वयंपाकघरात कॅमेरा लावला होता की काय यांनी. पण मॅडम म्हणाल्या, ही नुसती चाळणी, निदान नव्हे. निदानाला लहानपणाची साक्ष लागते. बाराव्या वर्षाच्या आत लक्षणं होती का, आणि घरीही होती, शाळेतही होती का. (२०१३ पर्यंत अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत ही अट सातव्या वर्षाची होती. सातव्या वर्षी गप्प बसणाऱ्या मुलीत कुणाला काय दिसणार होतं?)

आईला विचारलं. आई म्हणाली, "मीही अश्शीच होते की. त्यात काय एवढं?" हे सांगितल्यावर मॅडम लिहिता लिहिता हसल्या. हे पुष्कळदा घराण्यातूनच येतं, म्हणाल्या. पण साक्षीला आई बाद.

म्हणून प्रगतिपुस्तक घेऊन पंचवटीत तुमच्या दारात आले. खरं सांगते, अर्धी तर भांडायलाच आले होते.

तुम्ही चष्मा लावलात, स्वतःचंच अक्षर बघत बसलात. मग म्हणालात, "दुसऱ्या खिडकीपाशी बसायचीस. बाहेर बुचाचं झाड." झाड तर मला तुमच्याहून जास्त आठवतं. हरवलेल्या तीन कंपासपेट्या तुम्हाला आठवत होत्या, छत्री आठवत होती, आणि उत्तर येत असताना मी वाक्य अर्ध्यात सोडून द्यायचे तेही. पण एडीएचडी, म्हणजे पेपरात अतिचंचलता म्हणून लिहितात ते, असं मी सांगितल्यावर तुम्ही चिडलातच. "अतिचंचल? तू? मातीच्या गणपतीसारखी बसायचीस! अतिचंचल तो तुझ्या मागचा, बाकांवरून पळणारा. त्याच्या वडिलांना तीनदा बोलावलं मी शाळेत."

आणि मध्येच थांबलात. "तुझ्या घरच्यांना एकदाही नाही बोलावलं."

बाई, माझा राग तिथेच उतरला. तुम्ही ना सबब सांगितलीत, ना माफी मागितलीत. "डॉक्टरांकडे कधी जायचं?" एवढंच विचारलंत. गुडघा धरून दोन जिने चढलात आणि मॅडमसमोर म्हणालात, "तो वर्गभर पळायचा, ही बसल्या जागी पळायची. हुशार आहे म्हणून मी हिला सोडून दिलं." मॅडमनी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. लक्ष न टिकण्याच्या नऊ लक्षणांपैकी मोठ्या माणसांत पाच पुरतात. माझी आठ निघाली. मुलींमध्ये धावपळ कमी आणि हरवलेपण जास्त असतं, वर्गाला त्रास नसतो, म्हणून त्यांना कुणी डॉक्टरांकडे पाठवत नाही, हे त्यांनी आपल्या दोघींनाही समजावलं. मी ऐकत होते आणि तुम्ही खाली बघत होतात.

परतताना होळकर पुलावर रिक्षा अडकली होती. तुम्ही बोटांवर काहीतरी मोजत होतात. "काय मोजताय?" तर म्हणालात, "खिडकीपाशच्या मुली." सातपर्यंत आला होतात.

आता सध्याचं. सकाळी लक्ष टिकवायला मिथाइलफेनिडेटची गोळी, अधूनमधून बीपी आणि नाडी तपासणं. या गोळीची चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि ती प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. पहिल्यांदा चार दुकानं पालथी घातली. तिसऱ्यात तर पोऱ्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नवरा म्हणाला, "आता प्रत्येक विसरण्याला हेच कारण का?" लागलं मला ते, पण प्रश्न अगदीच खोटा नव्हता. गोळीने शिट्ट्या मोजता येतात. पिशवी दाराच्या कडीला अडकवायची ती आपणच. ते मी समुपदेशनात शिकतेय. पाळीच्या आधीचा आठवडा अजूनही वाईट जातो. इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक उतरतं तसं लक्षही उतरतं म्हणे, म्हणून तारखांची वही ठेवलीय. ऑफिसातल्या एकीला फीचं जमेना, तिला टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६ दिला. फुकट आहे, मराठीत बोलतात. तिने फोन केला की नाही ते अजून विचारलं नाही, विचारेन.

तुमचा शंकरपाळ्यांचा डबा दिवाळीपासून माझ्याकडेच आहे. झाकणासकट. घासून दाराच्या पिशवीत ठेवलाय, शनिवारी घेऊन येते. तोवर त्या सात जणींची नावं आठवतील तशी लिहून ठेवा. दोघी माझ्या ओळखीच्या निघतील असं वाटतंय.

तुमची,
दुसऱ्या खिडकीपाशची