रविवारचा कळसूबाई ट्रेक : वाऱ्यासाठी सूचना

सकाळी ६ वाजता बारी गावातून चढाई सुरू. वारा जोरदार असणार, त्यामुळे छत्री आणि पोंचो (डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट) घरीच ठेवा. पोंचो शिडासारखा फुगतो आणि शिडीवर माणसाला बाजूला ओढतो. अंगाबरोबरचं, चेनचं विंडचीटर हवं. मॅट सॅकबाहेर बांधू नका.

लोखंडी शिडीवर एका वेळी एकच जण. दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात कायम टेकलेले. उतरताना तोंड शिडीकडे. झोत आला की जागीच थांबा, ओसरल्यावरच पुढची पायरी.

माथा १६४६ मीटरवर. घामट टी-शर्टात तिथे लगेच हुडहुडी भरते, कोरडा एक प्लॅस्टिकच्या पिशवीत आणा. शिड्यांपाशी नीट उभं राहता येईना, तर सगळे तिथूनच परत. लीडरशी हुज्जत नको.