पाच जखमी झाले, तो 'वाद' कसला?

संपादक महोदय, स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात मथळा होता, 'दोन गटांत वाद, पाच जखमी'. त्याच पानावर खाली एका पुरस्कारावरून 'वाद', आणि आत स्त्रीवादावरचं व्याख्यान. पहिल्या मथळ्यावर मी अडलो. दिवाणी न्यायालयात 31 वर्षं कारकुनी केल्यामुळे हा शब्द रोज हाताखालून गेलेला आहे.

'वाद' आला 'वद्' धातूपासून, म्हणजे बोलण्यातून. संवाद, अनुवाद, आशीर्वाद, धन्यवाद, सगळे त्याच घरातले. अपवाद म्हणजे मुळात निंदा. 'लोकापवाद' म्हणताना तो अर्थ अजून डोकावतो. न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथाने, तर वाद, जल्प आणि वितंडा अशी फोड केली आहे. खरं काय ते कळावं म्हणून चालतो तो वाद, नुसतं जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं खोडत राहायचं ती वितंडा. मराठीने वितंडवाद जपला आणि जल्प टाकून दिला. रात्रीच्या टीव्हीवरच्या चर्चा पाहिल्या की तो परत आणावासा वाटतो.

कोर्टात दावा लावणारा वादी, समोरचा प्रतिवादी. दोन सख्ख्या भावांचा वाटपाचा दावा आमच्याकडे कित्येक वर्षं चालला. तारखेला दोघे एकाच स्कूटरवर येत. वादी चालवायचा, प्रतिवादी मागे दोघांच्या फाइली मांडीवर घेऊन बसायचा. पुकारा झाला की आत जाऊन एकमेकांचं म्हणणं मुद्द्यागणिक खोडून काढत आणि पुढची तारीख घेऊन त्याच स्कूटरवर परत जात. त्यांच्यात वाद होता. भांडण होतं असं मी म्हणणार नाही.

निवृत्तीनंतर तबला शिकायला गेलो. पहिल्याच दिवशी गुरुजी म्हणाले, "वादी सैल झालीय." मी सवयीने दाराकडे पाहिलं! ही वादी म्हणजे चामड्याची पट्टी. तिचा बोलण्याशी संबंध नाही. तिच्याखाली अडकवलेले लाकडी गठ्ठे खाली ठोकले की ती ताणली जाते. गायकाचा 'वादी' मात्र आपल्याच घरातला. रागात सर्वांत जास्त बोलणारा स्वर तो वादी, त्याला साथ देणारा संवादी. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत तेच पाच स्वर आहेत, पण भूपात वादी गंधार आणि देशकारात धैवत, म्हणून राग वेगळे. विवादी, म्हणजे रागात न बसणाऱ्या स्वराला तर रागाचा शत्रू म्हणतात. तरी जाणता गायक केदारात कोमल निषाद हळूच लावतो आणि ऐकणारे मान डोलावतात.

सांगायचं ते एवढंच. जागेवरून वाद होता, हे खुशाल छापा. पण काठ्या निघाल्या, डोकी फुटली की त्याला मारामारी म्हणा, हाणामारी म्हणा, झटापट म्हणा. नुसता आरडाओरडा असेल तर भांडण, कुरबूर, बाचाबाची आहेच, आणि गावकीत वर्षानुवर्षं चिघळलेलं असेल तर तंटा. सरकारनेसुद्धा 2007 साली मोहीम काढली ती 'तंटामुक्त गाव' नावाने, 'वादमुक्त' म्हणून नाही.

पुरस्काराच्या बातमीत 'वाद' बरोबर होता. तिथे माणसं अजून बोलत होती.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन लिपिक